मिस फरार पळून गेल्या नव्हत्या

यंदाच्या ३ जानेवारीची गोष्ट. सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. आमच्या शाळेत दरवर्षीप्रमाणे भाषणं चालली होती. सातवीची एक मुलगी छान पाठ करून आली होती. बोलता बोलता तिनं वाक्य टाकलं, "सावित्रीबाईंनी अहमदनगर येथे मिस फरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले." मागच्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "फरार? पोलीस मागं लागले होते का?" सगळा वर्ग फुटला. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हसलो.

हशा थांबला तेव्हा खिडकीजवळ बसलेली एक मुलगी उठली. एरवी ती तोंड उघडत नाही. म्हणाली, "सर, फरार म्हणजे कोणत्यातलं आडनाव?"

"कोणत्यातलं" या शब्दाचा अर्थ नगर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. आपण आडनाव विचारतो ते नाव कळावं म्हणून विचारतच नाही. मी म्हणालो, "अगं, ते इंग्रजी आडनाव आहे, त्यात तसलं काही नसतं," आणि विषय संपवला. पण घरी आल्यावर राहून राहून वाटायला लागलं की २२ वर्षं शिकवतोय, दर जानेवारीला हे नाव ऐकतोय, आणि या बाईंबद्दल मला एका वाक्यापलीकडं काही सांगता येत नाही. मग बसलो शोधायला. जे सापडलं ते इथं लिहितो. पोस्ट लांब आहे, पण नगरकरांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

पहिलं म्हणजे नाव. त्या सिंथिया फॅरर. आपल्या जिभेवर त्याचं फरार झालं. जन्म १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात मार्लबरो नावाच्या छोट्या गावी. १८२७ साली बोस्टनहून जहाजात बसल्या आणि वर्ष संपता संपता मुंबईला उतरल्या. वय ३२, लग्न झालेलं नाही. बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डानं त्यांना धाडलं, त्या बोर्डानं परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित बायकांपैकी ही एक. तोवर बायका जायच्या त्या बहुतेक मिशनरी नवऱ्याबरोबर. आणि योगायोग बघा, जोतीराव फुल्यांचा जन्मही १८२७ चाच.

मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा सांभाळल्या. मध्ये तब्येत बिघडली म्हणून १८३७ ला मायदेशी गेल्या. तिथंच राहता आलं असतं, पण १८३९ ला परत आल्या, त्या थेट आपल्या नगरला. नगरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून सुरू झालेलं होतं. बाईंनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या, त्या जवळजवळ २३ वर्षं. जानेवारी १८६२ मध्ये नगरातच वारल्या. म्हणजे आडनाव फरार, आणि माणूस असा की एकदा आला तो गेलाच नाही.

जोतीरावांनी त्यांची शाळा पाहिली ती इथंच. त्यांचे मित्र गोवंडे नगरला नोकरीला होते, त्यांच्यासोबत ते शाळेत गेले. तिथली शिकवण्याची पद्धत बघून आपल्या लोकांत हे झालंच पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि पुण्यात परतल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा ती हीच. ही ऐकीव गोष्ट नाही. १५ सप्टेंबर १८५३ च्या 'ज्ञानोदय'मध्ये जोतीरावांची मुलाखत आहे, त्यात त्यांनी स्वतः मिस फॅरर यांच्या शाळेचा उल्लेख केलाय. आणि 'ज्ञानोदय' तरी कुठला? १८४२ साली नगरातच सुरू झालेला. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचं शिक्षण नगरला याच बाईंकडं घेतलं, असं त्यांची चरित्रं सांगतात.

इथपर्यंत आलो आणि त्या पोरीचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. फॅरर म्हणजे कोणत्यातलं?

आणि गंमत म्हणजे त्याला उत्तर आहे! फॅरर म्हणजे लोहार.

लॅटिनमध्ये लोखंडाला 'फेरम' म्हणतात. आठवी-नववीच्या विज्ञानात लोखंडाची संज्ञा 'एफई' शिकवतो, ती त्याच शब्दाची पहिली दोन अक्षरं. लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि लोखंडाचं काम करणाऱ्याचं नाव झाला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्याबरोबर फ्रेंच बोली तिकडं आली. साध्या लोकांच्या तोंडी मात्र लोहाराला 'स्मिथ' हाच शब्द राहिला. म्हणून आज इंग्लंडात सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव स्मिथ आहे, आणि त्याच धंद्याचं फ्रेंच नाव काही मोजक्या भागांत, मोजक्या घराण्यांना चिकटून राहिलं. एकच ऐरण, एकच भाता, पण एक आडनाव गल्लोगल्ली आणि दुसरं शोधावं लागतं.

शोधायचं तर कुठं? इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर आहे, त्याच्या पश्चिम भागात हॅलिफॅक्स नावाचं लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. १८८१ च्या जनगणनेवरून तिकडं आडनावांचे नकाशे केलेत, त्यात फॅरर लोकांचा दाट ठिपका या भागावर पडतो. जसं आपल्याकडं एखादं आडनाव ऐकलं की जाणता माणूस लगेच म्हणतो, "पारनेर तालुक्यातले का तुम्ही?", तसंच. लिहिताना त्याचे फॅरर, फेरर, फेरार असे प्रकार होतात. १५५५ साली राणी मेरीच्या काळात प्रोटेस्टंट मतासाठी जिवंत जाळलेले बिशप रॉबर्ट फेरर हॅलिफॅक्सच्याच बाजूचे. पुढं हे आडनाव अटलांटिक ओलांडून गेलं. १६१८ मध्ये विल्यम फॅरर व्हर्जिनियात पोचले, तिथं जेम्स नदीकाठचा एक भाग आजही फॅरर्स आयलंड म्हणून ओळखला जातो. उत्तरेकडं न्यू इंग्लंडमध्येही फॅरर घरं वसली, आपल्या बाई त्या मुलखातल्या.

आता आणखी एक गंमत. त्याच काळात आपल्या शेजारी नाशिकलाही एक फॅरर होते! रेव्हरंड चार्ल्स फॅरर. ते इंग्रज, चर्च मिशनरी सोसायटीचे. १८३२ साली नाशिकला त्या सोसायटीचं काम सुरू करणाऱ्यांत ते होते. त्यांचा मुलगा फ्रेडरिक १८३१ ला मुंबईत जन्मला, पुढं इंग्लंडात मोठा धर्मपंडित आणि लेखक झाला. १८८२ ला डार्विन वारला तेव्हा त्याच्या शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत हा मुंबईत जन्मलेला फॅरर होता. आणि दुसऱ्या महायुद्धात एल अलामीनची लढाई जिंकणारे फील्ड मार्शल माँटगोमेरी हे त्याच्या मुलीचे चिरंजीव. इतकं विरळ आडनाव, आणि त्याचे दोन धागे, एक इंग्लंडचा आणि एक अमेरिकेचा, नगर आणि नाशिक या दोन शेजारच्या गावांत!

बरं, लोखंडाचं हे कुटुंब आणखी मोठं आहे. इटलीत त्याच मुळापासून 'फेरारी' झालं. ज्या लाल गाडीचे फोटो पोरं वहीच्या मागच्या पानावर चिकटवतात, ती गाडी मुळात लोहारांच्या नावाची. गोव्यात आणि वसईत फरेरा भेटतात, ते पोर्तुगीज नावही लोखंडाशीच नातं सांगतं.

इथं एक प्रश्न पडतो. गोव्यात, वसईत पोर्तुगीज आडनावं राहिली, मग नगरात कुणी फॅरर का नाही? एक तर बाई अविवाहित, मूलबाळ नाही. आणि दुसरं, नगरच्या ख्रिस्ती माणसांनी आपली आडनावं बदललीच नाहीत. १८३९ मध्ये नगरात बाप्तिस्मा घेतलेले हरिपंत खिस्ती खिस्तीच राहिले, रामकृष्णपंत मोडक मोडकच राहिले. रेव्हरंड टिळक तर शेवटपर्यंत टिळक. आजही नगरच्या चर्चमध्ये साळवे, गायकवाड, शिंदे हीच नावं ऐकू येतात. बाहेरून आलेल्या आडनावाची इथं एकही पाती उगवली नाही. मागं राहिलं ते एका भाषणातलं एक वाक्य, आणि त्यावर पोरं हसतात.

मला माहितीय, आता काही जण म्हणतील, "सर, त्या धर्मप्रचाराला आल्या होत्या, एवढं कौतुक कशाला?" बरोबर आहे, धर्मप्रचारालाच आल्या होत्या. त्यांनी ते कधी लपवलं नाही आणि आपणही लपवू नये. पण जोतीरावांनी त्यांची शाळा पाहिली, चांगलं होतं ते उचललं आणि ख्रिस्ती न होता स्वतःची शाळा काढली. घेण्यासारखं कुठून घ्यायचं आणि किती घ्यायचं, ही अक्कल त्या २१ वर्षांच्या तरुणाकडं होती. आपल्याकडं नसेल तर दोष बाईंचा नाही.

आणि आपला जिल्हा बायकांच्या नावानं ओळखला जाणारा आहे. किल्ल्याचं नाव काढलं की चांदबिबी आठवते. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत अहिल्यादेवी जन्मल्या, आता जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. या रांगेत शेवटी कुठंतरी एका अमेरिकन मास्तरीणबाईंना उभं करायला आपल्याला जड जाऊ नये.

आता त्या खिडकीजवळच्या मुलीबद्दल. तिचं नाव मी लिहिणार नाही. हजेरीपटावर तिचं आडनाव चव्हाण आहे. तिच्या घरचे घिसाडी. रस्त्याच्या कडेला पाल टाकून विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी करून विकतात. तुम्ही आठवडे बाजारात पाहिलं असेल, बाप सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि आई दोन्ही हातांनी घण मारते. ऊसतोडीच्या हंगामात त्यांच्या कोयत्यांना गिऱ्हाईक असतं. एका ठिकाणचं काम संपलं की पाल उचलायचं आणि पुढच्या गावाला. भटक्या जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे, पण शाळेच्या पटावर पोरांची नावं राहतात आणि पोरं जातात. वर्गात तिला कुणी चव्हाण म्हणत नाही, "लोहाराची" म्हणतात. मी ते ऐकलंय, कितीदा ऐकलंय, आणि लक्ष दिलं नाही, हेही इथं लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर फॅरर लिहिलं आणि वरची सगळी गोष्ट सांगितली. शेवटी म्हणालो, "म्हणजे सावित्रीबाईंना शिकवणाऱ्या बाईंचं आडनाव आपल्या मराठीत काय झालं? लोहार." आदल्या दिवशी ओरडलेलं पोरगं म्हणालं, "फेरारी पण लोहार?" म्हटलं, "हो, फेरारी पण." त्या मुलीनं वर बघितलं नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिली. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि एवढंच विचारलं, "सर, त्या बाई घण मारायच्या का?"

मी म्हटलं, "नाही गं. त्यांच्या घरी कधीकाळी कुणीतरी मारत असेल. पाच-सहाशे वर्षं झाली असतील. मग धंदा सुटला आणि नाव तेवढं राहिलं."

ती म्हणाली, "आमच्यात सुटंल का?"

याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. इंग्लंडात लोहाराचं आडनाव बिशपाला शोभलं, धर्मपंडिताला शोभलं, आणि कुणी त्याला "कोणत्यातला" म्हणून मागं ढकललं नाही. धंदा बदलला तसं नावाचं ओझं गळून पडलं. आपल्याकडं धंदा सुटतो, पण ओझं सुटत नाही. आणि शिकल्याशिवाय तर दोन्ही सुटत नाहीत. फॅररबाई ज्यासाठी नगरात २३ वर्षं राहिल्या ते काम संपलेलं नाही. पाथर्डी-शेवगावच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, दिवाळीनंतर पट किती आणि हजर किती.

फेब्रुवारीत त्यांचं पाल उठलं. जाताना तिच्या बापाला गाठून शाळेचा कागद हातात दिला, पुढच्या गावातल्या मास्तरांना फोनही केला. ती तिथं चार दिवस जाते, दोन दिवस जात नाही, असं कळतं. विचारत राहणं माझ्या हातात आहे, ते करतोय.

तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. पुढच्या ३ जानेवारीला तुमच्या गावच्या शाळेत भाषण झालं तर पोरांना नाव नीट सांगा. सिंथिया फॅरर. नगरला राहिल्या, नगरातच गेल्या. आणि रस्त्याच्या कडेला घिसाड्याचं पाल दिसलं तर कोयता घेताना एक प्रश्न विचारा, "पोरगी कोणत्या शाळेत आहे?" आडनाव नाही विचारलं तरी चालेल.