वसुली

आमच्या उर्दू शाळेतल्या मोठ्या आपांच्या निवृत्तीच्या वेळी, वेतन पडताळणीत त्यांची एक जुनी वेतनवाढ चुकीची ठरली. सेवापुस्तकातली नोंद कार्यालयाची. वसुलीचे पत्र मात्र आपांच्या नावाने आले. मी ते वाचून दाखवले.

"मी कुणाचे हराम खाल्ले?" त्यांनी विचारले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रफिक मसीह खटल्यात तृतीय-चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी व निवृत्तांकडून अशी वसुली नाकारली. २०१६ साली जगदेव सिंग खटल्यात मात्र हमीपत्र दिलेल्याकडून ती वैध ठरली. वेतननिश्चितीच्या वेळी हमीपत्रावर सही मागतात. अर्थ कुणी समजावत नाही.

आम्ही हरकतीचा अर्ज लिहिला. पहिली ओळ आपांनी उर्दूत सांगितली, मी मराठीत उतरवली : चूक कुणाची, ते आधी लेखी कळवावे.