शिफारसपत्र

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर लगेच सुरू होत नाही, हे वसईच्या नातलगांना समजावून सांगताना आम्हा उभयतांची दरवेळी तारांबळ उडते. नाताळच्या दूरध्वनीवर ठरलेला प्रश्न येई, "लेक मेडिकलला लागली का?" इकडे आधी ४ वर्षांची पदवी, मग वैद्यकीय महाविद्यालयाची ४ वर्षे. 'प्री-मेड' ही पदवी नव्हेच. ती केवळ तयारी. इतिहास घेऊन शिकणाराही रसायन, जीवशास्त्र, भौतिकी यांचे ठरावीक अभ्यासक्रम पुरे करून अर्ज करू शकतो. शिवाय एमकॅट नावाची परीक्षा. विश्रांती धरून साडेसात तासांची. तिचे गुण ४७२ ते ५२८ यांच्या दरम्यान मोजतात. (शून्यापासून का मोजत नाहीत, देव जाणे!)

परंतु ओहायोतील ज्या प्रचंड सरकारी विद्यापीठात आमची कन्या शिकली, तेथे तिची खरी परीक्षा निराळीच होती. अर्जासोबत विज्ञानाच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात, आणि सेंद्रिय रसायनाच्या वर्गात विद्यार्थी ३००! आमच्या धर्मग्रामाचे फादर चालचलणुकीचा दाखला लिहिताना आजोबांचीही विचारपूस करीत. येथे तिला क्रमांकापलीकडे कोणी ओळखत नव्हते. पहिल्या चाचणीत १०० पैकी ४१ गुण मिळाले, तेव्हा तिने हा मार्गच सोडण्याची भाषा केली. त्या रात्री आम्ही फीविषयी एक शब्दही काढला नाही.

प्राध्यापक आठवड्यातून ठरावीक वेळी आपल्या खोलीत बसत. कोणीही शंका घेऊन यावे. एवढ्या मोठ्या वर्गातून जेमतेम पाचसहा जण जात. पहिल्या बुधवारी शंका विचारण्याइतकेही तिला कळलेले नव्हते. तिने चुकलेली उत्तरपत्रिकाच त्यांच्या टेबलावर ठेवली. मग दर बुधवारी जात राहिली. दीडएक महिन्याने त्यांनी तिला नावाने हाक मारली. त्या संध्याकाळी तिचा फोन आला तो एवढेच सांगायला.

वर्षअखेर श्रेणी 'बी' मिळाली. प्रवेशाच्या चढाओढीत ती बेताचीच. तरी पत्र त्यांच्याकडेच मागायचे तिने ठरविले; 'ए' देणाऱ्या दुसऱ्या प्राध्यापकांना तिचा चेहराही ठाऊक नव्हता.

असे पत्र वाचण्याचा हक्क विद्यार्थी बहुधा सोडून देतात. तिनेही सही करून सोडला. आता ती राज्यातल्याच वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. त्या पत्रात काय लिहिले होते, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नाही.