आधी सूर, मग लय?

मामाला ऐकायला कमी येतं, म्हणून कानाची तपासणी करायला तो सांगलीहून माझ्याकडे पुण्याला आला होता. रिपोर्टमधली रेघ चार हजार हर्ट्झच्या पुढे दरीत कोसळावी तशी खाली गेलेली. पंचवीस-तीस वर्षं ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि मग ऑक्टोपॅड. गणपतीत, जत्रेत, लग्नात स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून बसायचं. दुसरं काय होणार?

संध्याकाळी त्याला माझ्या टेबलावरचा चंदेरी डबा दिसला.

"काय रं हे? कॅल्क्युलेटर?"

तो डबा म्हणजे टीबी-३०३ या जपानी यंत्राची नक्कल. मी ती अकरा हजारांना सेकंडहँड घेतली होती. मूळ यंत्र आता लाखांत जातं. रोलँड कंपनीनं ते १९८१च्या शेवटी बाजारात आणलं, तादाओ किकुमोतो नावाच्या इंजिनिअरनं बनवलेलं. हेतू साधा होता. एकटा गिटारवाला घरी रियाज करतोय, त्याच्या साथीला बेस गिटार वाजवणारा माणूस नाही, तर हा डबा ठेवा. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा अजिबात नव्हता. एखाद्या चिडलेल्या बेडकाला पाईपमध्ये कोंडावं, तसा होता. १९८४पर्यंत उत्पादन बंदही झालं. एकूण दहाएक हजार नग निघाले असतील.

शिवाय त्याच्यात सुरावट भरणं म्हणजे शिक्षा. आधी फक्त सूर एकामागून एक भरायचे. मग वेगळ्या मोडमध्ये जाऊन, कुठे सूर वाजेल, कुठे लांबेल, कुठे गप्प बसायचं, हे पुन्हा पहिल्यापासून भरायचं. सोळा घरं. मध्ये कुठे हिशेब चुकला की सगळं एक घर सरकतं. मी दिवसभर कोड लिहितो, तरी रात्री इथे माझी ऑफ-बाय-वन चूक ठरलेली.

मी मामाला हे समजावलं. तो म्हणाला, "आधी सूर, मग लय? लय नंतर कुठनं यील?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी मॅन्युअल वाचलं आणि मानलं.

मी लॅपटॉपवर ८०८चे ठोके लावले आणि डबा त्याला जोडून चालू केला. टीआर-८०८ हेही रोलँडचंच, १९८०चं. रेकॉर्ड केलेला ड्रम त्यात नाहीच. त्याचा मोठा ठोका म्हणजे एक सर्किट आहे. त्याला विजेचा टिचका दिला की ते घंटेसारखं घुमतं आणि विझतं. किती वेळ घुमायचं, ते एका बटणावर. मामाला ते लगेच कळलं. ढोलकीच्या धुमेवर मनगट दाबून तो घुमारा असाच कमी-जास्त करायचा. हाय-हॅट मात्र त्याला ऐकूच येईना. "ते चालू हाय का?" त्यानं दोनदा विचारलं. मी पडद्यावरचा लुकलुकणारा ठिपका दाखवला.

मग मी त्याला चरणजित सिंगांचा रेकॉर्ड ऐकवला. मुंबईतले हे सेशन म्युझिशियन, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे. त्यांनी सिंगापूरहून यंत्रं आणली आणि १९८२ साली एचएमव्हीनं त्यांचा रेकॉर्ड काढला. नावातच सगळं होतं: दहा राग, डिस्को ठेक्यावर. ज्युपिटर-८वर रागाची सुरावट, ३०३वर बेस, ८०८वर ठेका. फारसा कुणी घेतला नाही. २०१०मध्ये एका डच संग्राहकानं तो पुन्हा काढला आणि जगभर बोंब झाली. कारण ३०३चा असाच कुरकुरता आवाज घेऊन शिकागोतल्या पोरांनी अ‍ॅसिड हाऊस नावाचा प्रकार सुरू केला, असं सगळे मानत होते. ती मंडळी म्हणजे फ्यूचर नावाचा ग्रुप. डीजे पिअर सांगतो की, सेकंडहँड ३०३ होता, वाजवायचं कुणाला नीट येत नव्हतं, म्हणून तो नुसती बटणं पिरगाळत बसला आणि आवाज किंचाळायला लागला. त्यातून निघालेला 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' हा अकरा मिनिटांचा तुकडा १९८७मध्ये बाजारात आला. म्हणजे चरणजित सिंग पाच वर्षं आधी.

यावरून 'अ‍ॅसिड हाऊस मुळात आपलाच' अशी छाती फुगवणारे फॉरवर्ड फिरतात. मला ते पटत नाही. शिकागोवाल्यांनी हा रेकॉर्ड ऐकून काही केलं नाही. दोन ठिकाणी दोन माणसांना एकाच विचित्र डब्यातून कामाचं काहीतरी सापडलं, बस. मला अडकवतं ते दुसरंच. चरणजित सिंगांनी नंतरच्या मुलाखतीत सांगितलं की, सिनेमात डिस्को खूप चालू होतं, म्हणून त्यांना सुचलं की डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवावेत आणि तबला बंद करावा. किती सहज! ज्या माणसाचं आयुष्य साथीदारांच्या गर्दीत गेलं, तो तबलाच बंद करतो. आणि रेकॉर्ड सुंदर होतो. मी भैरवीचा ट्रॅक दोनेकशे वेळा तरी ऐकला असेल.

मामानं भैरवी पूर्ण ऐकली. ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, ती कानावर आली तेव्हा मी उत्साहानं म्हणालो, "बघ, मींड!"

"ही मींड न्हवं. घसरगुंडी हाय."

त्याचं बरोबर होतं. डबा जवळच्या सुरावर जाताना आणि लांबच्या सुरावर जाताना तेवढाच वेळ घेतो. मींडेत वाटेवर रेंगाळायचं असतं. सर्किटला रेंगाळता येत नाही.

"तबला काढला म्हणं," तो थोड्या वेळानं म्हणाला. "मीबी काढला हुता."

मला घरची गोष्ट माहीत होती ती अशी: कीबोर्डमध्ये तयार ठेके आले, ढोलकीवाल्यांना बोलावणं कमी झालं, मग मामानं पतसंस्थेचं कर्ज काढून ऑक्टोपॅड घेतला आणि तो तरला. आई हे फार अभिमानानं सांगते. उरलेली अर्धी गोष्ट त्या संध्याकाळी कळली. त्यांच्या पार्टीत एक पोरगा कोंगो वाजवायचा, दुसरा खंजिरी-मराकस. ऑक्टोपॅड आला तेव्हा आठ रबरी चौकोनांत तबला, कोंगो, टाळी सगळंच आलं. पार्टीच्या मालकानं मामाला विचारलं, आता ते दोघं लागतील का? मामा म्हणाला, न्हाईत लागत.

"खोटं बोललो न्हवतो. न्हवतेच लागत."

कोंगोवाला इचलकरंजीला मागावर गेला. एकदा जोतिबाच्या यात्रेत दिसला, तर मामानंच रस्ता बदलला. खंजिरीवाल्याचं काय झालं, ते त्याला माहीत नाही.

मी काहीच बोललो नाही. माझ्या टीममध्ये टेस्टिंगची पाच माणसं होती, आता दोन आहेत. उरलेल्या तिघांचं काम ज्या स्क्रिप्टनं खाल्लं, तिच्यावर लेखक म्हणून माझं नाव आहे. चांगली स्क्रिप्ट आहे. हे मी मामाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते अजून कळलेलं नाही.

तोपर्यंत त्यानं डबा मांडीवर घेतला होता. "सहाचा हुतो का? दादरा?" सोळा घरांना बारा करायला मला दहा मिनिटं लागली, मॅन्युअल उघडून. मग तो बोटावर मात्रा मोजत होता आणि मी सूर भरत होतो. लागोपाठच्या घरांना ॲक्सेंट, म्हणजे जोर, दिला की या डब्यातला एक कपॅसिटर पुरता रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो आणि पुढचा सूर आधीच्याहून जास्त ओरडतो. मामानं जोर कुठे द्यायचा ते सांगितलं, आणि तो भलतीकडे होता, मी कधीच दिला नसता तिथे. मग कटऑफचं बटण धरलं. मी ते नेहमी हळूहळू, एकाच दिशेनं वर नेतो, व्हिडिओत पाहिलंय तसं. तो समेवर आत घ्यायचा आणि कालावर सोडायचा. तीनेक मिनिटं डबा चक्क श्वास घेत होता.

"याच्यावर कोंगो बसंल," तो म्हणाला.

मी लॅपटॉपमधला कोंगो शोधून लावला. बरा आवाज होता, महागड्या मायक्रोफोननं टिपलेला.

"बंद कर त्यो."

मग त्यानं डाव्या हाताच्या बोटांनी टेबलाच्या कडेवर कोंगोचा भाग धरला. उजवा हात बटणावर होता. प्लायवुडचा आवाज काही खास येत नव्हता, आणि त्याला स्वतःला तो किती ऐकू येत होता कोण जाणे. मामी जेवायला हाक मारून गेली, दुसऱ्यांदा येऊन बघत उभी राहिली.

तो दादरा तिसऱ्या पॅटर्नमध्ये सेव्ह आहे. कटऑफ कुठे फिरवला ते त्यात साठत नाही, त्यामुळे चालू केला की तो नुसताच एका सुरात बारा घरं मोजत राहतो.