देवनगरीचा आराखडा

प्रवासाचा आराखडा आखणे हे वरवर पाहता हिशेबाचे काम आहे. तिथी ठरवाव्यात, तिकिटे काढावीत, स्थळांची यादी करावी, इतकेच. परंतु अशा यादीत स्थळांपेक्षा ती करणाऱ्याचाच चेहरा पुष्कळदा अधिक स्पष्ट उमटतो. बडोद्याच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी बँकॉकच्या सहलीसाठी केलेली यादी या दृष्टीने वाचण्यासारखी होती.

यादीच्या शिरोभागी नगराचे पूर्ण नाव होते. बँकॉक हे परकीयांच्या तोंडचे नाव. थाई माणूस आपल्या राजधानीला 'क्रुंग थेप' म्हणतो, म्हणजे देवांचे नगर. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केली. पुढे १७८२ मध्ये पहिल्या रामाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर नवी राजधानी वसवली आणि तिला एक प्रदीर्घ, समासबहुल नाव मिळाले. त्यात अमर आहे, रत्न आहे, महेंद्र आहे, गमावलेली अयोध्याही आहे. आणि शेवटी, इंद्राच्या आज्ञेवरून विश्वकर्म्याने हे नगर उभारले, अशी ग्वाही आहे. मास्तरांनी या नावाचा विग्रह करण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. विमानाच्या वेळा पाहण्याचे काम त्यामुळे मागे पडले, ही गोष्ट वेगळी.

पुढची यादीही त्याच दिशेने जात होती. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी आणि आत समुद्रमंथनाचे भव्य शिल्प. एका गजबजलेल्या चौकात १९५६ पासून पूजला जाणारा चतुर्मुख ब्रह्मदेव. वाट फोमधला ४६ मीटर लांबीचा शयनस्थ बुद्ध, ज्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हे आहेत. राजवाड्यालगतच्या वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांत रामकथेची १७८ भित्तिचित्रे. तीन दिवसांत अकरा स्थळे बसवली होती.

भारतीय प्रवासी पूर्वेकडे निघाला की बहुधा आरसा बरोबर घेऊन निघतो. जे आपल्यासारखे दिसते ते त्याला सुखावते. जे दिसत नाही ते तो आपल्याकडचे बिघडलेले रूप समजतो. पहिल्या रामाच्या कारकिर्दीत, १७९७ मध्ये सिद्ध झालेल्या 'रामकियेन'मधला हनुमान ब्रह्मचारी नाही. तो सेतू बांधायला जातो आणि तो सेतू मोडणाऱ्या रावणकन्येच्या, सुवर्णमत्स्येच्या, प्रेमात पडतो. त्यांना पुत्रही होतो. मास्तरांनी या नोंदीपुढे कंसात 'अपभ्रंश' असे लिहिले होते. आयुष्यभर शब्दांना लावलेली ती मोजपट्टी त्यांनी सहजच एका समाजाच्या कल्पनाशक्तीला लावली. वस्तुतः दोनशे वर्षांहून अधिक काळ ज्या कथेवर तेथील मुखवटेधारी नर्तक नाचले, तिला मूळ पाठाशी ताडून पाहण्याचे कारण नव्हते. ती आता त्यांची कथा होती.

यादी पुरी झाल्यावर त्यांनी ती बाईंना वाचून दाखवली. बाई तांदूळ निवडत होत्या. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, या सगळ्या देवळांत चपला काढाव्या लागतात ना? मग मी कुठे बसायचं, तेही लिहा त्यात."

यात टोमणा असेल, पण अतिशयोक्ती नव्हती. गुडघे धरल्यापासून हंपीत आणि खजुराहोत बाईंनी बहुतेक वेळ पायऱ्यांवर चपला सांभाळण्यात काढला होता. मास्तर बाहेर येत आणि आत पाहिलेले शिल्प त्यांना समजावून सांगत. त्याही ऐकून घेत.

त्या रात्री यादी उशाशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्यात खाडाखोड सुरू झाली. पहिला बळी एप्रिलचा गेला. १३ एप्रिलला तेथे 'सोंगक्रान' सुरू होतो. शब्द आपल्या संक्रांतीचाच, आणि तो चालत्याबोलत्या रूपात पाहण्याची मास्तरांना ओढ होती. पण तो कडक उन्हाळ्याचा काळ, आणि रस्तोरस्ती पाण्याचा मारा. निसरड्यावरून दुखऱ्या गुडघ्यांनी चालायचे कसे? पाऊस सरल्यानंतरचा नोव्हेंबरअखेर नक्की झाला. जेवणाचा प्रश्न बाईंनीच सोडवला. तेथील 'जे' या शाकाहारात मांसमासळीबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य, हे कळताच त्या म्हणाल्या, "म्हणजे आपला चातुर्मासच की." दुधातुपालाही तेथे मज्जाव आहे, हे मास्तरांनी तूर्त सांगितले नाही.

अकरा स्थळांची पाच झाली. भित्तिचित्रे राहिली, पण सकाळच्या पहिल्या तासापुरती. एक अख्खा दिवस नदीला दिला गेला. नदीवर प्रवासी नावा चालतात, कामावर जाणारी माणसे त्यांतून ये-जा करतात. १८३७ मध्ये खोदायला घेतलेल्या सेन सेप कालव्यावरही अशाच नावा आजतागायत धावतात. तेथे चपला काढाव्या लागत नाहीत.

पश्चिमतीरावरच्या वाट अरुणपाशी मात्र गाडी अडली. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेले ते शिखर. पायऱ्या उभ्या, अरुंद. मास्तर म्हणाले, "मीही नाही चढत."

"तुम्ही चढा," बाई म्हणाल्या. "फक्त चपला या खेपेला पिशवीत घालून बरोबर न्या. मी तरीच्या नावेत असेन."