मुधोळला पिलू आणायला जाताना

रानातल्या वस्तीवर राखणीला कुत्रा हवा असे मनात आले, की आपल्याकडे मुधोळचे नाव हमखास निघते. मिरजेहून कागवाड, अथणी करीत कृष्णा ओलांडली, की जमखंडी लागते आणि तिथून पुढे घटप्रभेच्या काठचे मुधोळ. मुलूख बागलकोट जिल्ह्यातला, काळ्या रानांचा आणि उसाचा. बोली कानडी, पण गाव पूर्वी घोरपड्यांच्या संस्थानचे, त्यामुळे मराठी समजणारी माणसे भेटतात.

या कुत्र्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात. लांबट तोंड, उंच पाय, खोल छाती आणि आत गेलेले पोट. संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान केंद्र आहे. परगावचा माणूस प्रथम तिथे चौकशी करून पुढे गेला, तर त्याला जातीची ओळख नीट पटते.

नाव मोठे झाले, की नावावर माल खपवणारेही निघतात. कोणतेही हडकुळे पिलू मुधोळचे म्हणून गळ्यात मारले जाते. म्हणून एक गोष्ट पदराला बांधून ठेवा : पिलू पाहण्याआधी त्याची आई पाहा आणि आईआधी अंगण पाहा. आपण गाय घेताना धार काढून पाहतो, बैल घेताना दात मोजतो. मग कुत्र्याच्या बाबतीतच डोळे मिटून पैसे का मोजावेत?

अंगणात शिरताच नाकाला काय लागते ते बघा. जागा कोरडी, पाण्याचे भांडे स्वच्छ आणि पिलांना उन्हा-पावसात आडोसा असावा. आई दाखवायला मालक टाळाटाळ करीत असेल, तर राम राम करून उठा. दूध पाजणारी कुत्री थोडी उतरलेली असते, त्यात वावगे नाही. पण ती खरजेने भरलेली किंवा माणूस दिसताच थरथर कापणारी नसावी. खाण तशी माती.

मालकाला विचारा : कुत्रीचे वय काय, हे कितवे वेत, नर कोणाचा, जंताचे औषध केव्हा दिले? २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. कुत्रीचे वर्षात एकच वेत आणि जन्मात पाचांहून जास्त नाहीत, अशीही अट आहे. आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही. "आजच न्या, उद्या राहणार नाही," असे म्हणणाऱ्यापेक्षा "अजून पंधरा दिवस आईपाशी राहू द्या," म्हणणारा मालक भला. तुमच्याकडे जागा किती, कुत्रा बांधून ठेवणार का, असे तोच उलट विचारू लागला, तर राग मानू नका. त्याला पिलाची काळजी आहे.

आता पिलू हातात घ्या. डोळे स्वच्छ, नाक वाहत नसलेले, हिरड्या गुलाबी हव्यात. कानाला घाण वास नको, केसांत गोचीड-पिसवा नकोत, शेपटीखाली हगवणीचे डाग नकोत. या जातीचा बांधा मुळातच सडपातळ, तेव्हा पोट नगाऱ्यासारखे आणि अंग सुकलेले दिसले, तर जंतांची शंका घ्या. बेंबीवर फुगीर गाठ नाही ना, हे बोटाने चाचपा. खाली सोडून चालवा. मागून टाळी वाजवा. त्याने वळून पाहिले पाहिजे. कोपऱ्यात एकटे निजून राहणारे पिलू दया येऊन उचलू नका, आधी ते डॉक्टरला दाखवायला सांगा.

लशीचे कार्ड मागून घ्या. पार्व्होची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत देतात आणि पुढच्या मात्रा सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. मात्रा पुऱ्या होईपर्यंत पिलू गावात मोकळे सोडू नका. तुमच्या अंगणात मागे एखादा कुत्रा उलट्या आणि रक्ताची हगवण होऊन मेला असेल, तर जास्तच सांभाळा. पार्व्होचे विष मातीत महिनोन् महिने टिकते. मोठ्या हौसेने आणलेले पिलू चार दिवसांत दगावते, मग घरातली पोरे जेवत नाहीत. अशा अंगणात पिलू आणण्यापूर्वी पशुवैद्यकाला विचारा.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस मालक घालीत होता तेच अन्न द्या. ही जात नजरेने सावज हेरून धावणारी आहे, म्हणून कोंबड्या, करडे यांच्यात लहानपणापासून वावरू द्या. सशामागे मात्र सोडू नका. १९७२ च्या कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे.

आणि जाताना हातात दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी दोन-तीन घरे नुसती पाहावीत, पैसे दुसऱ्या दिवशी द्यावेत. मनाजोगते नाही मिळाले, तर रिकाम्या हाताने परत यावे. पुढच्या वेताला पुन्हा जाता येते.