हरणी

हरणी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आमच्याकडे आली. जात कारवानी. लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि सशामागे सुटायला घडलेले पाय. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, या कुत्र्यांचं पिढीजात काम गेलं. चाल मात्र अंगात राहिली.

आमची क्वार्टर आरे कॉलनीत, तबेल्यांपासून हाकेच्या अंतरावर. मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवायला १९४९मध्ये वसवलेली ही दुधाची वसाहत. तिथे बरगड्या दिसणारी कुत्री कुणाला बघवेना. "उपाशी ठेवता का हो हिला?" म्हणत कुणी ना कुणी भांडं पुढे करायचं. कारवानी सडपातळच हवी, हे कुणाला पटायचं नाही. अंधार पडला की हरणी घरात. इकडे बिबट्याचा वावर, आणि कुत्रं म्हणजे त्याचं सोपं सावज.

शोचं वेड माझं. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी झाली, मायक्रोचिप बसली. कुत्रं डाव्या हाताला, पट्टा सैल, परीक्षक सांगेल तसं सरळ किंवा त्रिकोणात दुडक्या चालीने पळायचं. हे पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर जमत गेलं. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. परीक्षक ओठ उचलून दात बघतो, अंगभर हात फिरवतो आणि कारवानीला परक्याचा हात खपत नाही.

तोडगा तबेल्यातल्या चाचांनी काढला. दात बघून म्हशीचं वय सांगण्यात त्यांची हयात गेलेली. ते हरणीच्या समोरून आलेच नाहीत. बाजूला उभे राहिले, नजर दुसरीकडे. आधी खांद्यावर हात टेकवला, तो मानेवरून जबड्यापर्यंत नेला आणि अंगठ्याने ओठ जरासा उचलला. हरणीचे कान मागे गेले. पाय हलले नाहीत. "बस, हो गया बिटिया." मग रोज धार काढून झाली की एकेक गवळी येऊन तिचे दात बघून जाऊ लागला.

पहिल्याच शोमध्ये मंडपाबाहेर लोक विचारत होते, "ग्रेहाउंड का?" हिच्याच नात्यातल्या मुधोळ हाउंडवर टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढलं, तरी ओळख एवढीच! रिंगमध्ये माझे हात थरथरत होते. हरणी दगडासारखी उभी राहिली. नंबर दुसरा आला. चाचांचा निकाल लगेच तयार: "दूध पिलाते तो पहिला आता!"

पुढे काही शो केले, मग तिचं वय झालं. म्हातारपणी दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या, सलाईन लागायचं. मुसकं न बांधता ती टेबलावर पाय पुढे करायची. डॉक्टरांना नवल वाटे. "शिकारी जात, आणि इतकी शहाणी?"

"गवळ्यांच्या हाताखाली शिकलीय," मी म्हणायचो.