आधी वेळापत्रक बघा

वर्गावर होते तोवर माझं काम मला कळत होतं. कुणाकडे रंगपेटी नाही, कोण डावखुरा, कोणाचा ब्रश टिकतच नाही, सगळं पाठ. मग मुंबई महापालिकेच्या काही शाळांमधलं कलाशिक्षण बघायची जबाबदारी आली आणि पहिल्याच फेरीत गोंधळले. बघायचं नेमकं काय? भिंतीवरची चित्रं? शिक्षकांचं टाचण? की मुलं?

महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या. काही इमारतींत एका मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू, तिसऱ्यावर तेलुगू. भिंतींवरची चित्रं मात्र सगळ्या माध्यमांत तीच: दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, काठाला कौलारू घर. डोंगर नाही, नदी नाही अशा वस्तीतली ही मुलं.

एका चौथीच्या वर्गात पाठकोरे कागद वाटले आणि म्हटलं, आज शाळेत येताना जे दिसलं ते काढा. पाण्याचा टँकर आला, हंड्यांची रांग आली. एका मुलानं घराच्या बाहेरून वर जाणारी लोखंडी शिडी काढली. माळ्यावर राहणाऱ्यांना गल्लीतूनच चढावं लागतं, हे त्यानं मला समजावून सांगितलं. शिडीचे दांडे वर जाताना त्यानं जवळजवळ घेतले होते. यथादर्शन त्याला कुणी शिकवलं नव्हतं, रोजच्या चढण्याउतरण्यातून ते हातात आलं होतं. माझ्या अहवालात या शिडीसाठी रकाना नव्हता.

मुख्याध्यापक मला बहुतेक वेळा चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांबद्दल विचारतात. एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीला सात वाढीव गुण, बी असेल तर पाच, सी असेल तर तीन. या गुणांनी चित्रकलेचा मान राखला, हे मी मनापासून मानते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सरावही चांगलाच. पण ते गुण पदरात पडतात दहावीला, आणि महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीपर्यंतच्याच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला तोही सहावी ते आठवीला आणि पटसंख्या शंभरावर असेल तरच. शिडी काढणारा मुलगा चौथीत आहे. त्याच्या वाट्याला वर्गशिक्षिका, जिला भाषा, गणित, परिसर अभ्यास सगळंच शिकवायचं असतं, शिवाय वरची कामं. तिला दोष देणं मला जमत नाही.

माझ्या आधी हे काम केलेल्या एक बाई म्हणाल्या, "भिंती नंतर बघा. आधी वेळापत्रक बघा, आणि चित्रकलेचा तास शेवटून कितवा आहे ते मोजा." मी मोजू लागले. बहुतेक ठिकाणी तो शेवटचाच निघाला. गणिताचा भाग मागे पडला की हाच तास जातो, आणि मुलांनाही त्याचं आता नवल वाटत नाही. आता कुठल्याही शाळेत गेले की मी सर्वांत आधी वेळापत्रकच मागते.

मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिली ते पाचवीचा चित्रकलेचा तास मधल्या सुट्टीच्या आधी घाला, आणि तो दुसऱ्या कुठल्याही विषयाला देऊ नका.